बोल्झानोत चार रात्री: खाली गावात राहावं की वर डोंगरात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनच्या शेवटी म्युनिकहून व्हेनिसला जाताना मध्ये चार रात्री डोलोमाइट्ससाठी, म्हणजे उत्तर इटलीतल्या डोंगररांगांसाठी, ठेवल्या आहेत. बरोबर वडील (71, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली), आई (66, गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांची मुलगी. यादीत ब्रायेस सरोवर, त्रे चीमेचे सुळके, सेचेदाचा डोंगरमाथा आणि आल्पे दी सिउसीचं कुरण. कुणीतरी सांगितलंय की बोल्झानो हे नुसतं उतरायचं स्टेशन आहे, गावाला अर्धा दिवस पुरे, गाडी भाड्याने घ्या आणि वर डोंगरातल्या ओर्तिझेई गावी मुक्काम करा. तसं करावं का?

माझा सल्ला: चारही रात्री खाली बोल्झानोच्या जुन्या गावात राहा, गाडी घेऊ नका, आणि यादीतली ब्रायेस आणि त्रे चीमे ही दोन नावं या वेळेपुरती खोडा. मी म्युनिकला राहते आणि गेली चौदा वर्षं महाराष्ट्रातून येणारी कुटुंबं आणि छोटे गट आल्प्समध्ये घेऊन जाते. सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच यादी करायची, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला तुमच्या प्रश्नात राहण्याच्या जागेपेक्षा मोठी अडचण दिसते ती ही, की तीन पिढ्यांची ताकद वेगवेगळी आहे आणि दिवस सगळ्यांचा एकच आहे. तुमच्या वडिलांना दुपारी दोन तास आडवं व्हावंसं वाटेल, मुलीला तेव्हाच पळायचं असेल, आईला चढ चालेल पण उतार चालणार नाही. अशा वेळी लांबची ठिकाणं सगळ्यात आधी मोडतात. बोल्झानोहून त्रे चीमेला एका बाजूने अडीच-तीन तास लागतात आणि रस्ता वळणावळणांचा. सुरुवातीच्या वर्षांत मी आठ जणांना एकाच दिवसात ब्रायेस आणि त्रे चीमे दाखवायला नेलं होतं. त्यात साताऱ्याच्या एक काकू होत्या. त्यांना घाटात दोनदा उलटी झाली, वर पोचलो तर ढग उतरलेले. दिवसभरात आम्ही साडेसहा तास गाडीत होतो आणि डोंगरासमोर पन्नास मिनिटं. दुसऱ्या दिवशी सगळे इतके थकले होते की मी ठरलेलं सगळं रद्द केलं आणि त्यांना गावातूनच निघणाऱ्या रोपवेने वर रेनोन डोंगरावर नेलं. काकू छोट्या आगगाडीत खिडकीशी बसल्या, समोर डोलोमाइट्सची अख्खी रांग उघडी होती. म्हणाल्या, "अगं, मग काल कशाला गेलो होतो एवढं लांब?" त्या दिवसानंतर वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी दिवसाला एकच चढाई ठेवते, तीही बस, रेल्वे किंवा रोपवेने होणारी.

आता बोल्झानोच का, ते सांगते. हे गाव समुद्रसपाटीपासून फक्त 262 मीटरवर आहे. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट ताट. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रेंतोच्या बिशपने इथे पेठ वसवली, कारण उत्तरेकडून ब्रेनर खिंडीतून येणारी वाट आणि पश्चिमेकडून आदिजे नदीच्या खोऱ्यातून येणारी वाट इथे एकत्र येतात. ब्रेनर खिंड साधारण 1,370 मीटरवर, म्हणजे आल्प्सच्या मुख्य रांगेतल्या मोठ्या खिंडींमध्ये सगळ्यात सोपी. व्हेनिस-व्हेरोनाचा माल वर जर्मनीतल्या ऑग्सबुर्गकडे जायचा आणि तिकडचा खाली यायचा, आणि दोघांची गाठ या गावात पडायची. नाणेघाट चढून आलं की जुन्नरची पेठ का उभी राहिली हे जसं आपोआप कळतं, तसंच इथे कळतं.

पण यात एक गंमत आहे, जी बहुतेक पाहुण्यांना कुणी सांगत नाही. गावाच्या वर इसार्को नदीची घळ इतकी अरुंद होती की नदीकाठाने नीट वाटच नव्हती. म्हणून व्यापारी, यात्रेकरू आणि रोमला निघालेल्या जर्मन राजांचा लवाजमा, सगळे शेजारच्या रेनोन डोंगरावर चढून पलीकडे उतरायचे. 1314 मध्ये हाइनरिश कुंटर नावाच्या बोल्झानोच्याच व्यापाऱ्याने घळीतून रस्ता काढला आणि त्यावर जकात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे वाहतूक खाली आली. म्हणजे रेनोन डोंगर हा या पेठेचा जुना हमरस्ता. पुढे सतराव्या शतकापासून इथली सधन घराणी उन्हाळा काढायला त्याच डोंगरावर जाऊ लागली. रिवाज असा होता की 29 जूनला, सेंट पीटर आणि सेंट पॉलच्या सणाला, वर जायचं आणि 8 सप्टेंबरला खाली उतरायचं. बरोबर 72 दिवस. तुम्ही पोचाल तेव्हा नेमका तोच मोसम सुरू होत असेल. सकाळी वर आणि संध्याकाळी खाली, हा क्रम मी तुम्हाला सांगतेय तो या गावाच्याच जुन्या सवयीला धरून आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. तुम्ही तिशीतले दोघेच असतात आणि रोज सहा-सात तास चालणार असतात, तर मीसुद्धा ओर्तिझेई म्हटलं असतं. एप्रिल किंवा नोव्हेंबर असता तर वरचे बरेच रोपवे बंद असतात, तेव्हा बोल्झानोशिवाय पर्याय नाही. तुमच्या बाबतीत खरी अडचण उकाड्याची आहे. खोलगट जागेमुळे बोल्झानो उन्हाळ्यात इटलीतल्या तापणाऱ्या शहरांपैकी एक असतं, पारा 35 च्या वर जाऊ शकतो. त्यामुळे हॉटेल ठरवताना खोलीत एसी आहे का आणि इमारतीला लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या. जुन्या घरांत दोन्ही नसण्याची शक्यता असते. आई-वडिलांना उकाड्यात झोपच लागत नसेल तर मधला मार्ग आहे: रोपवेच्या वरच्या टोकाला, सोप्राबोल्झानोत राहायचं. 1,221 मीटरवर रात्री पांघरूण लागतं. फक्त खाली जेवायला उतरणार असाल तर परतीच्या शेवटच्या रोपवेची वेळ आधी बघून ठेवा.

पोचायच्या दिवशी काहीही ठरवू नका. म्युनिकहून ब्रेनरमार्गे थेट रेल्वेने सुमारे चार तास लागतात. रेल्वे निवडताना एक लक्षात ठेवा, इथे प्रत्येक जागेला दोन नावं आहेत. हा भाग 1919 मध्ये ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला आणि आजही प्रांतातल्या बहुसंख्य लोकांची भाषा जर्मन आहे. बोल्झानो म्हणजेच बोत्सेन, रेनोन म्हणजेच रिटेन, आल्पे दी सिउसी म्हणजेच झायझर आल्म. पाट्यांवर दोन्ही असतात, पण ॲपमध्ये कधी एक सापडतं कधी दुसरं. शिवाय दक्षिणेला बोल्झानो सूद नावाचं वेगळं स्टेशन आहे, तिथे उतरू नका.

संध्याकाळी ऊन कललं की कमानींच्या रस्त्यावर जा. इटालियनमध्ये पोर्तिची, जर्मनमध्ये लाउबेन. ही मूळची पेठ. दोन्ही बाजूंना कमानींखाली दुकानं आहेत. एखाद्या दुकानासमोर उभं राहून नीट बघा: दर्शनी बाजू चार-सहा पावलांची, आणि आत मात्र घर मागच्या गल्लीपर्यंत जातं. खाली तळघर मालासाठी, वर राहणं, मध्ये उजेडासाठी चौक. याच रस्त्यावर व्यापाऱ्यांच्या न्यायमंडळाची इमारत आहे, आता तिथे संग्रहालय आहे. 1635 मध्ये तेव्हा या भागावर राज्य करणाऱ्या क्लाउदिया दे मेदिची हिने हे न्यायमंडळ स्थापन केलं. जत्रेत व्यवहारावरून भांडण झालं तर इथे निवाडा व्हायचा, आणि निवाडा करणाऱ्यांत जर्मन आणि इटालियन दोन्ही बाजूंचे व्यापारी असायचे. आज गावात दोन भाषा शेजारी शेजारी नांदताना दिसतात, त्याला निदान बाजारात तरी इतकी जुनी घडी आहे.

मग चालत ताल्वेरा नदीच्या पुलावर जा, दहा मिनिटंही लागत नाहीत. जूनच्या शेवटी सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. पूर्वेला कातिनाच्चो, म्हणजे रोझनगार्टन, नावाची कड्यांची रांग दिसते. आकाश स्वच्छ असेल तर आधी ती पिवळसर होते, मग गुलाबी, मग काही मिनिटं निखाऱ्यासारखी लाल, आणि मग एकदम राखाडी. इथली दंतकथा अशी, की बुटक्यांचा राजा लाउरिन याने हरल्यावर आपल्या गुलाबाच्या बागेला शाप दिला: तू दिवसा कुणाला दिसणार नाहीस आणि रात्रीही नाही. पण तो संध्याकाळ म्हणायला विसरला. मुलीला ही गोष्ट पुलावर जायच्या आधी सांगा, नंतर नको.

दुसरा दिवस रेनोनचा. रोपवेचं खालचं स्थानक रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. बारा मिनिटांत तुम्ही जवळजवळ हजार मीटर वर येता. द्राक्षांचे मळे खाली राहतात, मग लालसर कातळ दिसतो. हा लाल दगड ज्वालामुखीतून आलेला, आणि गावातल्या रस्त्यांवरची फरशी याचीच आहे. समोरचे फिकट डोलोमाइट्स मात्र प्राचीन समुद्रातल्या गाळाचे आणि प्रवाळांचे. वर उतरलात की 1907 सालापासून चालणारी अरुंद रूळांची छोटी गाडी मिळते. पूर्वी ती दातेरी रुळांवरून थेट गावातल्या चौकातून वर यायची. 1966 मध्ये रोपवे आला आणि खालचा मार्ग बंद झाला. पठारावरच्या कोलाल्बो गावापर्यंत पाव तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. जाताना सह्याद्रीतल्या एखाद्या पठारावरून चाललोय असं वाटेल, इतकं ते सपाट आणि मोकळं आहे.

कोलाल्बोहून अर्ध्या तासाच्या चालीवर मातीचे सुळके आहेत. हिमनदीने आणून टाकलेली माती वाळली की दगडासारखी कडक असते, पाऊस पडला की वाहून जाते. जिथे वर एखादा मोठा धोंडा बसलाय तिथे त्याच्याखालची माती छत्री धरल्यासारखी वाचते आणि आजूबाजूची निघून जाते. असे कित्येक मीटर उंच सुळके, प्रत्येकाच्या डोक्यावर एक धोंडा. धोंडा पडला की सुळकाही हळूहळू संपतो. वाट सोपी आहे, पण परतीला थोडा चढ लागतो. आईंना नको वाटलं तर त्यांनी कोलाल्बोत झाडाखाली बसावं, तुम्ही मुलीला घेऊन जाऊन यावं. वडिलांना सपाट चालायला आवडत असेल तर कोलाल्बो आणि सोप्राबोल्झानो यांना जोडणारी जंगलातली वाट आहे. तिला मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचं नाव दिलंय, कारण 1911 मध्ये आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ते या डोंगरावर राहिले होते. दीड-दोन तास लागतात, आणि मध्येच थकवा आला तर छोट्या गाडीचे थांबे जवळ आहेत.

तिसरा दिवस आल्पे दी सिउसीचा. 56 चौरस किलोमीटरचं हे कुरण युरोपातलं सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण मानलं जातं. बोल्झानोहून बसने पाऊण तासाच्या आसपास सिउसी गावात, तिथून रोपवेने वर. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते. गाडी घेतली असती तरी ती खालीच ठेवावी लागली असती. जूनचा शेवट ही इथली माझी सगळ्यात आवडती वेळ, कारण गवत अजून कापलेलं नसतं आणि फुलं गुडघ्यापर्यंत आलेली असतात. वाटा रुंद, बहुतेक सपाट, आणि दर काही अंतरावर खाण्यापिण्याची घरं. उंची 1,850 मीटरच्या आसपास. वडिलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना ही उंची आकड्यासकट सांगून निघायच्या आधी विचारून घ्या. सेचेदा तर 2,500 मीटरवर आहे आणि रोपवेने तिथे तासाभरात पोचता. तो निर्णय डॉक्टरांचा, तुमचा किंवा माझा नाही.

वर जाताना दर हजार मीटरला सुमारे सहा अंश थंडी वाढते. खाली 32 असेल तर कुरणावर 22 च्या आसपास, आणि वारा असेल तर त्याहून कमी वाटेल. प्रत्येकाकडे एक स्वेटर आणि एक पावसाळी जाकीट हवंच, चपला नकोत. आणि सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून विजा कडाडणं इथे नेहमीचं आहे. विजा सुरू झाल्या की रोपवे थांबवतात, आणि मग वयस्कर माणसांना घेऊन वर अडकून बसावं लागतं. मी दोन-अडीचला परतीच्या वाटेला लागते.

चौथ्या दिवशी दोन गट करा. तुम्हाला सेचेदा बघायचंच असेल तर जोडीदाराबरोबर किंवा मुलीला घेऊन बसने ओर्तिझेईला जा, तासभर लागतो. आई-वडील गावात राहू देत. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायला हवं, हा आपला आग्रह घरच्यांच्या प्रेमापोटी असतो, पण त्यात थकतात ते वयस्करच. दुपारनंतर सगळ्यांनी मिळून पुरातत्त्व संग्रहालयात जा. तिकीट आधी काढा, रांग मोठी असते. 19 सप्टेंबर 1991 ला एका जर्मन जोडप्याला 3,210 मीटर उंचीवर बर्फात एक मृतदेह दिसला. तो निघाला सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाचा. त्याला ओत्झी म्हणतात. उणे सहा अंशांच्या खोलीत तो ठेवलाय आणि छोट्या खिडकीतून बघावा लागतो. मुलगी घाबरेल असं वाटलं तर खिडकी टाळून बाकी सगळं दाखवा: तांब्याची कुऱ्हाड, अस्वलाच्या कातड्याची टोपी, गवत भरलेले बूट. त्याच्या अंगावर 61 गोंदणं आहेत आणि डाव्या खांद्यात बाणाचं टोक रुतलेलं सापडलं. ज्या रांगा ओलांडून हे गाव श्रीमंत झालं, त्याच रांगेवर तो पाच हजार वर्षांपूर्वी चालत होता.

गाडीबद्दल दोन शब्द. जुन्या गावात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे असतात, आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते. शिवाय भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. त्याउलट या प्रांतातली बस आणि रेल्वे वेळेला पक्की आहे, आणि बरीच हॉटेलं पाहुण्यांना प्रवासाचा पास देतात. बुकिंग करताना पास मिळतो का आणि त्यात कोणते रोपवे येतात, एवढं विचारा.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाही, पण शाकाहारी आई-वडील असतील तर तेच सगळ्यात जास्त बोचतं. इथे उपाशी राहायची वेळ येत नाही. श्लुट्स्क्राप्फेन म्हणजे पालक आणि ताजं चीज भरलेल्या करंजीच्या आकाराच्या उकडलेल्या घड्या, वर लोणी. क्नोडेल म्हणजे शिळ्या पावाचे गोळे, ते पालकाचे किंवा चीजचे मागा, कारण साध्या क्नोडेलमध्ये श्पेक म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. सूप मागवताना जपा, त्यातलं पाणी बहुधा मांसाचं असतं. "ओने फ्लाइश" किंवा "सेन्त्सा कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द कागदावर लिहून ठेवा. कुट्टूच्या पिठाचा केक मिळतो, मध्ये लाल आंबट बेरीचा मुरांबा. पण त्यात अंडं असतं. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी उघडतं. बाराला जेवायची सवय ठेवा.

निघायच्या दिवशी सकाळी सगळ्यांना फळबाजारात घेऊन जा (रविवारी तो बंद असतो, तेवढं तारखेत बघा). चौकाच्या कोपऱ्यात नेपच्यूनचा पुतळा आहे, हातात त्रिशूळ. गावकरी त्याला काट्यावाला खानावळवाला म्हणतात. आईंना एक सांगून ठेवा: इथे फळ हाताने चाचपून निवडत नाहीत, बोट दाखवायचं, विक्रेता कागदी पिशवीत भरून देतो. त्या दिवसांत चेरी असतात. आणि श्युटेलब्रोट नक्की घ्या. राईच्या पिठाची, बडीशेप-शहाजिऱ्याच्या वासाची, पापडासारखी कडक भाकरी. डोंगरातल्या घरांत ती महिनोनमहिने टिकवून ठेवायचे. व्हेरोनापर्यंत दीड तास लागतो, तेवढ्या वेळात निम्मी संपते, म्हणून मी दोन पाकिटं घेते.